कावळे मेले, मग आपल्या खुराड्याचं काय?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. बोलणाऱ्या ताई निवृत्त आरोग्यसेविका आहेत.)

या वेळेला बहुतेक घरांत चूल पेटलेली असते, हे मला माहीत आहे. भाकरी थापता थापता ऐका, काही हरकत नाही. मधलं चार-पाच मिनिटांचं बोलणं जरा किचकट आहे, तेवढं होईपर्यंत मिक्सर लावू नका.

मागच्या भाषणानंतर एका आजींचा निरोप आला. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या ढोकीत कावळे मरून पडले होते, आठवतं ना? त्याआधी जानेवारीत शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, पन्नासच्या आसपास कावळे मेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निदान आलं, बर्ड फ्लू. मग पशुसंवर्धन खात्याची माणसं फिरू लागली, घरोघरी विचारपूस सुरू झाली. आजींचं म्हणणं असं, "कावळ्याला रोग झाला, कावळा मेला. त्यात आमच्या कोंबड्यांची अन् माणसांची चौकशी कशाला? आणि पितरांच्या पानाला आता कावळा आणायचा कुठून?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही, आजी. पहिल्याचं देते.

आधी विषाणू म्हणजे काय ते बघू. जिवाणू वेगळा, विषाणू वेगळा. दूध नासवणारा जिवाणू स्वतः खातो, स्वतः वाढतो, एकाचे दोन होतो. विषाणूला यातलं काहीच येत नाही. त्याच्याकडं ना तोंड, ना पोट. त्याच्याजवळ असते फक्त एक चिठ्ठी, 'माझ्यासारखे आणखी बनवा' अशी. ती चिठ्ठी घेऊन तो कोंबडीच्या, डुकराच्या नाही तर माणसाच्या पेशीत शिरतो, आणि ती बिचारी पेशी आपली कामं टाकून त्या चिठ्ठीच्या नकला काढत बसते. म्हणून तर सर्दीवर जिवाणू मारायच्या गोळ्या चालत नाहीत. दवाखान्यात येऊन "मला ती लाल-पिवळी गोळीच द्या" म्हणून हटून बसणाऱ्या बायांना हे मी नोकरीभर सांगत आले.

आता नकला काढण्याचं बघा. आपल्या बचत गटाचं रजिस्टर घ्या. समजा, ते रात्री कंदिलाच्या उजेडात हातानं उतरवून काढायचं आहे. एक नक्कल झाली की त्या नकलेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. कुठं तरी काना राहणार, कुठं शून्य जास्त पडणार. पाचशेचे पाच हजार होणार. विषाणूच्या चिठ्ठीचंही तसंच होतं. पेशी घाईघाईत नकला काढते आणि अक्षरं चुकतात. या चुकलेल्या अक्षरालाच शास्त्रज्ञ म्यूटेशन म्हणतात, मराठीत उत्परिवर्तन. शब्द मोठा आहे, पण गोष्ट नकलेतल्या चुकीएवढीच आहे.

टीव्हीवर सांगतात, विषाणूनं रूप बदललं, तो हुशार झाला. मला ते ऐकून हसू येतं. त्याला डोकंच नाही, तो हुशार कुठून होणार? बहुतेक चुकांनी चिठ्ठी बिघडतेच. चुकीचं रजिस्टर बँकेत कोण चालवून घेईल? तसा तो चुकलेला विषाणू तिथंच संपतो. पण लाखो-करोडो नकलांत एखादी चूक अशी निघते की तिच्यामुळं विषाणू जास्त पटकन पसरतो, किंवा आपल्या शरीरानं त्याची जी ओळख लक्षात ठेवलेली असते तिला चकवतो. मग त्याच चुकीच्या नकला मागं उरतात आणि बाकीच्या मागं पडतात. म्हणजे सगळा खेळ नकला किती निघाल्या यावर आहे. एक कोंबडी आजारी पडली तर काही नकला. हजार कोंबड्या, शंभर बगळे, पन्नास कावळे आजारी पडले तर किती, ते तुम्हीच हिशेब करा.

हे आपण आपल्याच राज्यात बघितलं आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीकडं कोरोनाचे रुग्ण अचानक वाढायला लागले. मार्चमध्ये केंद्र सरकारनं सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये दोन ठळक बदल असलेला विषाणू सापडतो आहे. बातम्यांत त्याला 'डबल म्यूटंट' म्हणत होते. त्याच कुळातला एक पुढं साऱ्या जगात गेला आणि ३१ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचं नाव ठेवलं डेल्टा. एप्रिल-मे मध्ये आपल्या घराघरांत काय झालं ते मी सांगायची गरज नाही. ऑक्सिजनसाठी फिरलेली माणसं आज हे ऐकत असतील. वर्षाअखेरीस ओमायक्रॉन आला. त्याच्या काट्यांमध्येच ३० हून अधिक बदल होते, म्हणून तर लस घेतलेल्यांनाही तो गाठत होता. लशीनं जीव वाचवला, पण लागण अडवायला ती कमी पडली.

आणि कोरोना तर तसा सावध लेखनिक म्हणायचा. त्याच्याकडं लिहिलेलं परत तपासायची थोडीफार सोय असते. फ्लूच्या विषाणूकडं तीही नाही. तो चुका करत सुटतो, म्हणून फ्लूची लस दरवर्षी नव्यानं ठरवावी लागते. याउलट गोवर बघा. चुका त्याच्याही होतात, पण त्याला त्या परवडत नाहीत. पेशीत शिरायची त्याची किल्ली इतकी नेमकी आहे की ती बदलली तर दारच उघडत नाही. म्हणून गोवराची लस इतकी वर्षं तशीच चालली आहे. मी हजारो लेकरांना दिली. तेव्हा "सगळे विषाणू बदलतात, मग लस घेऊन काय उपयोग" असं कुणी म्हणालं तर त्यांना गोवराचं सांगा.

फ्लूची आणखी एक खोड आहे, आणि किचकट बोलणं म्हणाले ते हेच. त्याची चिठ्ठी एकसंध नसते, आठ सुट्या पानांची असते. बिनशिवणीचं रजिस्टर समजा. आता एकाच डुकराला पक्ष्याचा फ्लू आणि माणसाचा फ्लू एकाच वेळी झाला, तर एकाच पेशीत दोन रजिस्टरांची सोळा पानं विखुरतात. नवा विषाणू बनताना पेशी त्यातली कुठलीही आठ उचलते. तीन पानं याची, पाच त्याची. एका रात्रीत असं रजिस्टर तयार होतं जे जगात आधी कधी नव्हतं, आणि कुणाच्याच शरीराला त्याची ओळख नसते. २००९ चा स्वाइन फ्लू असाच झालेला. त्याच्यात डुकराची, पक्ष्याची आणि माणसाची अशी तिन्हीकडची पानं होती. एप्रिलमध्ये तो मेक्सिको-अमेरिकेत दिसला आणि ३ ऑगस्टला देशातला त्याचा पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला. चार महिने लागले फक्त.

माझ्या आजेसासूबाई मानमोडीच्या साथीचं सांगायच्या. त्यांनी स्वतः बघितली नव्हती, त्यांच्या आईकडून ऐकलेली. १९१८ सालची फ्लूची साथ ती. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरली, पहिला तडाखा तसा सौम्य गेला, आणि सप्टेंबरनंतर दुसरी लाट आली ती माणसं झोपवतच आली. आपल्या देशात एक कोटीच्या वर माणसं गेली. त्यात बायका जास्त गेल्या, कारण आजारी पडूनही उठून सगळ्यांचं करायचं त्यांनाच होतं, आणि पोटात अन्न कमी. गंमत बघा, कोंबडी मान वाकडी करून मरते त्या राणीखेत रोगालाही आपण मानमोडीच म्हणतो. माणसाच्या आणि कोंबडीच्या रोगाला आपल्या लोकांनी एकच शब्द वापरला. रोग दोन्ही वेगळे, पण शब्द असा एकच बघून मला अजून नवल वाटतं.

आता आजींच्या प्रश्नाकडं. कावळ्याचा रोग माणसाला एवढ्यात का होत नाही, आणि तरी काळजी का?

पक्ष्याच्या फ्लूकडं पक्ष्याच्या पेशीची किल्ली असते. आपल्या नाका-घशातलं कुलूप वेगळं. पक्ष्यासारखी कुलपं आपल्यातही आहेत, पण ती फुप्फुसात खूप खोल आणि थोडी डोळ्यांत. म्हणून हा विषाणू माणसाला सहज लागत नाही. पण मेलेली कोंबडी सोलताना, पिसं उपटताना, खुराड्यातली धूळ झाडताना तो खोल गेला, तर आजार फार वाईट होतो. दुसरी अडचण त्याला गारव्याची. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, ४१-४२ अंश. आपलं नाक गार, ३३ च्या आसपास. पक्ष्याचा विषाणू त्या गारव्यात नीट वाढत नाही. पण शास्त्रज्ञांना असं सापडलंय की त्याच्या आठ पानांतल्या एका पानावरची एक नेमकी चूक झाली, तर तो गारव्यातही वाढू लागतो. एक चूक, मैत्रिणींनो. ती चूक सस्तन प्राण्यांत शिरलेल्या विषाणूंत वेळोवेळी सापडलेली आहे.

एच-फाइव्ह-एन-वन हे या विषाणूचं नाव. १९९७ मध्ये हाँगकाँगला तो माणसांत पहिल्यांदा आढळला, १८ जणांना झाला, ६ गेले. २००३ पासून जगभरात ९०० हून अधिक माणसांना झाल्याची नोंद आहे आणि त्यातली जवळपास निम्मी दगावली. माणसाकडून माणसाकडं तो अजून सहज पसरत नाही, एवढाच काय तो दिलासा. आपल्या देशात कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदा आला २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. सुदैवानं तेव्हा एकाही माणसाला लागण झाली नाही.

पण अलीकडं त्याची चाल बदलली आहे. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्याला तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, तपासणीत हाच विषाणू निघाला. अमेरिकेत २०२४ च्या मार्चमध्ये तो दुभत्या गाईंत सापडला. गाईंच्या दुधातून निघत होता, आणि ते कच्चं दूध प्यायलेल्या गोठ्यातल्या मांजरी मेल्या. त्याच महिन्यात तिथल्याच एका गावात शेळीच्या करडांना झाला. का, तर कोंबड्या-बदकं आणि शेळ्या एकाच ठिकाणी राहत होत्या, एकाच भांड्यातलं पाणी पीत होत्या. हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडची अंगणं डोळ्यांसमोर आली. उस्मानाबादी शेळी, तिच्याच पायाशी कोंबड्या, एकच मडकं. आपल्या शेळ्यांत तो आलेला नाही, घाबरू नका. पण मडकी दोन करायला किती पैसे लागतात?

आणि २०२५ च्या मार्चमध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांची एक मुलगी याच विषाणूनं गेली. कोंबडी साफ करताना तिला कच्चा तुकडा खायला दिला होता, असं तेव्हा बातम्यांत आलं. लाडानंच दिला असणार.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगू की नको असं दोन दिवस चाललं होतं माझं. नवापूरच्या बातमीनंतरचीच गोष्ट. माझ्या उपकेंद्राच्या गावात एक बाई होती, नवरा वारलेला, दोन लेकरं, वीस-पंचवीस गावरान कोंबड्या. अंडी आणि तलंगा विकून लेकरांच्या वह्या-पुस्तकांचं भागायचं. बातमीनं भाव आधीच पडलेला. एक दिवस तिच्या सहा कोंबड्या रात्रीतून मेल्या. मी सकाळी लशीच्या फेरीला गेले तर ती उकिरड्यात खड्डा करत होती. मला म्हणाली, "ताई, कुणाला बोलू नका. आले तर सगळ्याच मारतील." मी बोलले नाही. पुढच्या बाजाराला तिनं उरलेल्या कोंबड्या डालग्यात घालून विकल्या. चार-पाच गावांत गेल्या असतील त्या. काही झालं नाही. ती राणीखेतच असावी, असं मी मनाला सांगत आले. पण तपासलंच नाही, तर कशावरून? राणीखेतनं मेलेली आणि बर्ड फ्लूनं मेलेली कोंबडी डोळ्यांनी ओळखता येत नाही. डॉक्टरलाही येत नाही, नमुनाच पाठवावा लागतो. मी आरोग्यखात्याची पगारी बाई, आणि गप्प बसले.

तिची भीती खोटी नव्हती, हे मात्र मी आजही म्हणेन. रोग पक्का झाला की आजूबाजूच्या एक किलोमीटरमधल्या कोंबड्या मारतात आणि दहा किलोमीटरवर लक्ष ठेवतात. ज्यानं सांगितलं त्याच्या शेजाऱ्याच्याही जातात, मग शेजारी बोलणं टाकतो. हे दुःख कागदावर कुठं मोजत नाहीत. पण नियमातली एक गोष्ट त्या बाईला माहीत नव्हती आणि मलाही नव्हती. सरकारनं मारलेल्या कोंबडीची भरपाई मिळते, आपोआप मेलेल्या कोंबडीची मिळत नाही. म्हणजे लपवून वाट बघत बसलं तर रोज थोडी थोडी भरपाई मरत असते. पहिल्या दोन-तीन कोंबड्या गेल्या तेव्हाच कळवलं तर उरलेल्यांचे पैसे मागायचा हक्क राहतो. आणि कळवणं २००९ च्या कायद्यानं मालकावर बंधनकारकही आहे. भरपाई यायला उशीर होतो ही तक्रार खरी आहे, त्यासाठी गटानं मिळून पाठपुरावा करावा. एकट्या बाईचा अर्ज टेबलावर पडून राहतो, दहा जणींचा तसा राहत नाही.

तर काय करायचं? अचानक कोंबड्या मरू लागल्या, तुरा-कल्ले निळे-जांभळे पडले, डोकं सुजलं, अंडी एकदम बंद झाली, किंवा शेतात-गावात कावळे, बगळे, बदकं मेलेली दिसली, तर हात लावू नका. लेकरांना आणि कुत्र्याला लांब ठेवा. १९६२ या फुकटच्या नंबरवर फोन करा, नाही तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. ते येईपर्यंत उरलेल्या कोंबड्या कोंडून ठेवा, विकू नका, पाहुण्यांना देऊ नका. मरायला टेकलेली कोंबडी कापून खायची पद्धत आपल्याकडं आहे, 'वाया कशाला घालवायची' म्हणून. ती कापायला बसते बाईच, आणि शेजारी पिसं खेळायला घेते तिची पोर. तेवढं तरी बंद करा. हात लावावाच लागला तर हाताला प्लास्टिकची पिशवी, नाका-तोंडाला पदर नको, घट्ट रुमाल, आणि नंतर साबणानं हात, कपडे वेगळे.

मेलेल्या पक्ष्यांशी संबंध आला आणि दहाएक दिवसांत ताप, खोकला, डोळे लाल झाले, तर दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य तेच सांगा, "मी मेलेल्या कोंबड्या उचलल्या होत्या." डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही. या आजारावर औषध आहे, पण लवकर सुरू केलं तर उपयोग होतो.

मैत्रिणींनो, लम्पीच्या वेळेला, २०२२ मध्ये, गाईच्या अंगावर गाठी आल्या तेव्हा आपण दूधच टाकून दिलं होतं, आठवतं? तो रोग माणसाला होतच नाही. तो विषाणूही वेगळ्या घराण्यातला, सावकाश बदलणारा. तेव्हा नको तिथं घाबरलो, आणि मेलेली कोंबडी मात्र बिनघोर रस्स्यात घालतो.

वेळ संपत आली. कळंबच्या एका ताईंनी विचारलं आहे, कावळे मेल्याची बातमी आली की अंडी-चिकन बंद करायचं का? नाही. ७० अंशांच्या वर नीट शिजलं की विषाणू मरतो, आणि आपली रस्सा उकळायची पद्धत त्याच्या कितीतरी पुढं आहे. अंडं पूर्ण उकडा, आतलं पिवळं पातळ ठेवू नका. दूध उकळूनच प्या. कच्चं मटण-चिकन कापलेली पाटी आणि विळी धुतल्याशिवाय तिच्यावर कोथिंबीर चिरू नका. गुरुवारी याच वेळेला पशुवैद्यकीय डॉक्टर मॅडम येणार आहेत, राणीखेतची लस कधी आणि कशी द्यायची ते त्या सांगतील. कोंबड्या किती आणि केवढ्या, ते आधी मोजून ठेवा, म्हणजे विचारायला सोपं जाईल.